कशेडीच्या दोन्ही अंगांना: पुस्तकातून पडद्यावर

पोलादपूर मागे पडलं की कशेडीचा घाट चढायला लागतो. घाटाच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. आता डोंगराच्या पोटातून बोगदा झाला आहे आणि मुंबई-गोवा महामार्गावरची बरीचशी गर्दी त्यातून जाते. तरी जमेल तेव्हा मी जुन्या वळणांच्या रस्त्यानेच जातो. माथ्यावर थांबलं की मला दोन्ही बाजूंना पुस्तकं दिसतात.

अलीकडे, पोलादपूरहून आत गेलं की उमरठ. तिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे आणि त्यांच्यावर हरि नारायण आपट्यांनी लिहिलेली कादंबरी आहे. महाडहून वर रायगड, म्हणजे शिवाजी सावंतांचा ‘छावा’. याच महामार्गाने पनवेलच्या दिशेने गेलं की कर्नाळा, म्हणजे गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’. पलीकडे खेड, जगबुडी नदी आणि श्री. ना. पेंडशांचं तुंबाड. तिथून दापोलीच्या वाटेवर साने गुरुजींचं पालगड. एका दिवसाच्या प्रवासात मावणाऱ्या या टापूतल्या पुस्तकांनी गेल्या शंभर वर्षांत मराठी आणि हिंदी पडद्याला आपलं उत्तमही दिलं आणि पडद्याने त्यातल्या काहींची परवडही केली. साहित्यकृतींच्या माध्यमांतराचा आढावा घ्यायला कशेडीइतकी सोयीची जागा मला दुसरी सुचत नाही.

मोजायचं कशाने?

पुस्तक वाचलेला माणूस चित्रपटगृहातून बाहेर पडताना बहुतेकदा एकच वाक्य बोलतो: ‘पुस्तकासारखा नाही.’ ही तक्रार प्रामाणिक असते, पण तिच्यावरून निवाडा करता येत नाही. पाचशे पानांची कादंबरी अडीच तासांत आणायची तर काटछाट अटळ आहे. प्रसंग गळणार, पात्रं एकमेकांत मिसळणार, शेवट सरकणार. प्रसंग मोजून चित्रपटाला गुण द्यायचे ठरवले तर सगळेच नापास होतील.

मी दुसरं माप वापरतो. प्रत्येक चांगल्या पुस्तकात गोष्टीबरोबर गोष्ट सांगणारा असतो. कधी तो ‘मी’ म्हणून समोर येतो, कधी लेखकाच्या सुरात लपलेला असतो. वाचकाचा जीव घटनांइतकाच त्या सांगण्यात गुंतलेला असतो. पडद्यावर मात्र सांगणारा आपोआप नाहीसा होतो, कारण कॅमेरा घटना थेट दाखवतो. मग दिग्दर्शकापुढे खरा प्रश्न उभा राहतो: सांगणाऱ्याच्या जागी काय ठेवायचं? एखादा चेहरा, एखादा आवाज, एखादं गाणं, की शांतता? हा प्रश्न ज्याने सोडवला त्याचं माध्यमांतर टिकलं. ज्याने त्या जागी नुसती भव्यता आणून बसवली त्याचा चित्रपट चालला असेल, पण पुस्तक त्यातून निघून गेलं.

उमरठचा सिंह

आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ विसाव्या शतकाच्या आरंभीची. कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. मधल्या काळात तानाजींची गोष्ट शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आणि लोकांच्या तोंडी जिवंत होती. आपट्यांनी तिला कादंबरीचं अंग दिलं. सती जायला निघालेली कमलकुमारी ही राजपूत स्त्री, तिला पळवून आणणारा उदेभानू, आणि त्यामुळे गडाच्या मोहिमेला आलेली सुटकेची धार, हे कथानक त्यांनी रचलं.

या कादंबरीवर मराठी माणसांनी दोनदा चित्रपट केला. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटरांनी मूक ‘सिंहगड’ काढला. त्यात शेलारमामाच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. रात्रीचा हल्ला दाखवण्यासाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि भारतीय चित्रपटात तो प्रयोग नवा होता. पुढे १९३३ मध्ये शांतारामांनीच ‘प्रभात’साठी बोलका ‘सिंहगड’ केला. शेलारमामा झालेला नट दहा वर्षांनी त्याच गोष्टीचा दिग्दर्शक होतो, ही मराठी चित्रपटाच्या इतिहासातली लक्षात ठेवावी अशी साखळी आहे.

पेंटरांच्या प्रयोगाचं मोल मला फार वाटतं. लढाई अंधारात झाली होती. कादंबरीत अंधार शब्दांनी उभा राहतो, मूकपटाला तो प्रकाशानेच उभा करावा लागला. गोष्टीची गरज ओळखून तंत्र शोधणं याला मी माध्यमांतर म्हणतो.

२०२० चा ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ एखाद्या कादंबरीवर बेतलेला म्हणून समोर आला नाही, तरी राजपूत स्त्रीवर डोळा ठेवणाऱ्या उदेभानूचा धागा त्यातही आहे. म्हणजे आपट्यांच्या कल्पनेने शंभरहून अधिक वर्षं प्रवास केला आणि ती इतिहास म्हणून प्रेक्षकांच्या मनात बसली. गोष्टीची ही ताकद आहे आणि तिचा धोकाही. गडाचं ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या बलिदानाआधीच्या कागदपत्रांतही आढळतं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण कादंबरी आणि चित्रपट यांनी घडवलेली आठवण कागदपत्रांचं सहसा ऐकत नाही. ‘तान्हाजी’मधली दृश्यं डोळे दिपवतात. उमरठच्या मातीतला, मुलाचं लग्न बाजूला ठेवून निघालेला माणूस मात्र त्या झगमगाटात लहान होतो. समाधीपाशी उभं राहिल्यावर जो साधेपणा अंगावर येतो तो त्या चित्रपटात मला सापडला नाही.

रायगडापासून संगमेश्वरापर्यंत

शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही संभाजी महाराजांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत जाणारी मोठी कादंबरी. आईविना वाढलेलं मूल, आजी जिजाऊ, आग्र्याचा प्रवास, सोयराबाईंचं राजकारण, येसूबाईंचा संसार आणि ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा कवी, असे अनेक संभाजी त्यात एकत्र नांदतात. १६८१ मध्ये रायगडावर झालेला राज्याभिषेक आणि १६८९ मध्ये याच रस्त्यावर पुढे असलेल्या संगमेश्वरात झालेली अटक, या दोन टोकांमध्ये माणूस कसा घडतो आणि कसा एकटा पडतो, याची ती कहाणी आहे.

लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला आणि त्याने प्रचंड गर्दी खेचली. विकी कौशल यांनी भूमिकेसाठी घेतलेले कष्ट दिसतात. कवी कलशाच्या भूमिकेत विनीत कुमार सिंह यांनी मैत्रीला दिलेला ओलावा चित्रपटाला तारतो. कैदेत असताना दोन मित्रांमध्ये होणारी काव्याची देवाणघेवाण हा चित्रपटातला सर्वांत चांगला क्षण आहे, कारण सावंतांचा कवी तिथे थोडा वेळ परत येतो.

पण हा क्षण अपवाद ठरतो. चित्रपट बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून सुरू होतो, म्हणजे माणूस घडण्याचा सगळा काळ आधीच बाहेर राहतो. पुढे एकामागून एक लढाया येतात आणि शेवटचा मोठा भाग छळाच्या दृश्यांनी व्यापलेला आहे. प्रदर्शनाआधी लेझीमनृत्याच्या दृश्यावरून वाद झाला आणि ते दृश्य काढलं गेलं. पण काढलेल्या दृश्यापेक्षा कधी चित्रितच न झालेल्या पानांची मला अधिक खंत वाटते. रायगडाच्या वाड्यात संशयाच्या वातावरणात वाढलेला राजपुत्र समजल्याशिवाय त्याची अखेरची निष्ठा पुरती समजत नाही. प्रेक्षक रडत बाहेर पडला, पण कोणासाठी रडतो आहोत हे त्याला पूर्ण कळलं नाही. ‘छावा’ हा अपयशी चित्रपट म्हणता येणार नाही, पण कादंबरीचं ते अर्धंच माध्यमांतर आहे.

पालगडची आई

घाट उतरून खेडमार्गे दापोलीकडे वळलं की पालगड. २४ डिसेंबर १८९९ ला साने गुरुजींचा जन्म इथे झाला. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुस्तकात ४२ रात्री आहेत. प्रकरणांना ‘रात्र’ म्हणण्यात सगळं मर्म आहे. मोठा झालेला श्याम रात्री प्रार्थनेनंतर आश्रमातल्या मित्रांना आई सांगतो. आई गेलेली आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. सांगताना श्यामचा गळा भरून येतो. हे पुस्तक आईच्या आठवणींचं आहे, त्याहून अधिक ते आठवणाऱ्या मुलाचं आहे.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. गणपतीत गावात पांढरा पडदा बांधून हा चित्रपट दाखवत, तेव्हा मी तो प्रथम पाहिला. प्रोजेक्टरच्या घरघरीत अर्धे संवाद बुडायचे. पण पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरला आणि मनाला घाण लागू नये म्हणूनही असंच जप म्हणाली, तेव्हा बायका उघड रडत होत्या आणि पुरुष अंधारात डोळे पुसत होते.

अत्र्यांनी केलं काय? त्यांनी गुरुजींच्या गहिवराला नाट्याची शिस्त दिली. विनोदी लेखकाचं अंग असल्यामुळे त्यांनी शाळेतला खोडकरपणा, मास्तरांची छडी, मुलांची गाणी यांना जागा दिली आणि त्यामुळे करुण प्रसंग अधिक बोचले. द्रौपदीने कृष्णासाठी भरजरी वस्त्र फाडल्याचं गाणं, वसंत देसाईंचं संगीत आणि आशा भोसल्यांचा आवाज, हेच सांगणाऱ्या श्यामच्या भरून आलेल्या गळ्याचं पडद्यावरचं रूप झालं. मराठीत झालेल्या माध्यमांतरांत मी याला पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, कृष्णधवल रंगात. ओम भूतकर साने गुरुजी झाले, गौरी देशपांडे आई. डहाके यांनी अत्र्यांची नक्कल टाळली आणि सांगणाऱ्या गुरुजींना गोष्टीत परत आणलं. ही दिशा पुस्तकाच्या जवळची आहे. अत्र्यांच्या चित्रपटाची ऊब त्यात कमी आहे, तरी पुस्तक पुन्हा वाचून मगच केलेला चित्रपट आहे हे जाणवतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. एकाच पुस्तकातून सत्तर वर्षांच्या अंतराने दोन प्रामाणिक चित्रपट निघू शकतात, याचा हा चांगला दाखला आहे.

नावापुरतं तुंबाड

खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड आहे. श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीत एका खोत घराण्याच्या चार पिढ्या उभ्या केल्या. सत्ता, वासना, कर्ज, जमीन आणि इंग्रजी राजवटीत बदलत गेलेलं कोकण तिच्यात आहे.

२०१८ चा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पाहून अनेकांनी विचारलं, हे पेंडशांचं का? नाही. चित्रपटाने नाव तिथून घेतलं, गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या भयकथेतून आलं, आणि हस्तर नावाचा लोभी देव, सोन्याची नाणी, पावसात कुजणारा वाडा हे सगळं त्या चमूने स्वतः रचलं. चित्रपट तयार व्हायला अनेक वर्षं लागली. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त प्रेक्षक आले.

मला हा चित्रपट माध्यमांतराच्या एका वेगळ्या जातीचा वाटतो. त्याने पेंडशांची एकही घटना घेतली नाही, पण हाव घराणं कशी खाते ही पेंडशांच्या जगातली जाणीव त्यात पुरेपूर आहे. न थांबणारा कोकणचा पाऊस इतक्या खरेपणाने फार थोड्या चित्रपटांत आला आहे. तरी कोकणच्या वाचकाला एक हुरहूर राहते. ‘तुंबाड’ म्हटलं की देशभरच्या प्रेक्षकाला आता हस्तर आठवतो, खोत आठवत नाहीत.

पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’वर १९८० मध्ये चित्रपट आला. काशिनाथ घाणेकरांनी रंगभूमीवर गाजवलेला बापूच त्यातही होता. नटाची रंगमंचावरची पकड जबरदस्त असली की चित्रपटालाही नाटकाचं वळण लागतं आणि कादंबरीतला गाव मागे सरतो. बापूच्या बाबतीत तेच झालं.

कर्नाळ्याचं गाणं

रायगड जिल्ह्याने पडद्याला दिलेलं सर्वांत सुंदर पुस्तक मात्र ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची ही छोटी कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची आहे. भगताचा मुलगा नाग्या, मधमाशीच्या दंशाने त्याचा गेलेला डोळा, लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीवर घेतलेली सुडाची शपथ आणि त्याच्याबरोबर उभी राहणारी चिंधी.

जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिचा चित्रपट केला. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. निर्मिती उषा मंगेशकरांची, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोनीदांची भाषा बोलीत भिजलेली आणि लयदार. ती संवादांत तशीच उतरवली असती तर अडखळली असती. पटेलांनी सांगणाऱ्याच्या जागी थेट गाणं ठेवलं. ठाकरांचा समूह गात गात गोष्ट पुढे नेतो, जणू डोंगरच निवेदन करतो आहे. शब्दाची लय सुरात गेली आणि काहीच हरवलं नाही. चित्रपट शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आणि हा चित्रपट शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावा.

घाटापलीकडे: जे जमलं

कोकणाबाहेरच्या मराठी माध्यमांतरांतही उत्तम कामांची यादी लांब आहे.

१९३७ चा ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा शरण जात नाही, हा विषय तेव्हा धाडसाचा होता. शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळलं. घड्याळाचे ठोके, ग्रामोफोन, घरातले आवाज यांतून घुसमट ऐकू येते. कादंबरीकाराला जे वाक्यांनी सांगावं लागतं ते शांतारामांनी एका घड्याळाने सांगितलं.

१९७९ चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर. विजय तेंडुलकरांनी दोन पुस्तकांची एक पटकथा केली, हे काम एका पुस्तकाच्या पटकथेपेक्षा कितीतरी कठीण. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री श्रीराम लागू, आणि सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. साधू स्वतः पत्रकार होते. त्यांची नजर तेंडुलकर आणि जब्बार पटेलांनी दिगूच्या चेहऱ्यावर ठेवली. शेवटी त्याचं भान सुटतं, तेव्हा सांगणाराच कोसळतो. मराठीतला हा सर्वांत हुशार माध्यमांतराचा नमुना.

अमोल पालेकरांचा १९९५ चा ‘बनगरवाडी’ व्यंकटेश माडगूळकरांच्या तरुण मास्तराला साक्षीदार म्हणूनच ठेवतो आणि माणदेशाचा रखरखाट घाई न करता दाखवतो. सुजय डहाके यांच्या ‘शाळा’ने मिलिंद बोकीलांच्या नववीतल्या मुकुंदाचं मन आणीबाणीच्या सावलीत हळुवार पकडलं. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा एकत्र गुंफली.

मराठी पुस्तकांतून हिंदीत गेलेल्या दोन कलाकृती इथे आल्याच पाहिजेत. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे बोललेलं आत्मचरित्र. श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंचा ‘मी’ स्मितांच्या थकलेल्या नजरेत उतरला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ केला. कादंबरी छाटावी लागते, कथा वाढवता येते, म्हणून चित्रपटाला कथा अधिक मानवते, हे ‘अर्धसत्य’ सिद्ध करतो.

जे बिनसलं

आता अपयशांकडे. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही बाजीराव-मस्तानीच्या प्रेमाची आणि त्याहून अधिक शनिवारवाड्याच्या आतल्या कोंडीची कादंबरी. संजय लीला भन्साळी यांचा २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ तिच्यावर आधारलेला. काशीबाई आणि मस्तानी पिंगा घालतात, पेशवे सैनिकांत नाचतात, आणि वाडा आरशांनी चमकतो. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला तो इतिहासाच्या बाजूने. माझा आक्षेप कादंबरीच्या बाजूने आहे. इनामदारांनी घरातल्या दबक्या आवाजांतून, देवघरातल्या अबोल्यातून उभी केलेली शोकांतिका त्या रोषणाईत ऐकूच येत नाही. पाहायला देखणा असा हा चित्रपट माध्यमांतर म्हणून मला सर्वांत वाईटांपैकी वाटतो.

बोकीलांच्या ‘शाळा’वर मराठी चित्रपटाच्या आधी, २००८ मध्ये ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट आला होता. तोच मुलगा, तेच वर्ग, पण बोकीलांच्या मुकुंदाची भाषा आणि काळ दोन्ही निसटले आणि उरली ती कुठल्याही शाळेतली प्रेमकथा. तीच कादंबरी नंतर डहाके यांच्या हाती फुलली, म्हणजे दोष पुस्तकाचा नव्हता.

सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वरचा २०१३ चा चित्रपट खूप चालला. कट्ट्यावरची मैत्री त्यात आली, पण तिच्यामागचा एकटेपणा टाळीबाज संवादांत बुडाला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये गुणाचं पैलवानाचं शरीर नाच्यात बदलताना अतुल कुलकर्णींनी जे केलं ते फक्त पडद्यावरच शक्य होतं. मात्र चित्रपट अखेरीस सन्मानाच्या व्यासपीठाकडे वळला आणि यादवांच्या कडवटपणावर साखर पडली.

याच रांगेत आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ची आठवण होते. कादंबरीत राजू आपली कहाणी अर्धी स्वतः सांगतो आणि शेवटी पाऊस आला की नाही, हे वाचकावर सोडलेलं आहे. १९६५ च्या चित्रपटात मालगुडीच्या जागी राजस्थान आला आणि पाऊस ठामपणे पडला. नारायण नाराज झाले आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. विजय आनंद यांचा चित्रपट स्वतंत्रपणे मोठा आहे, तरी लेखकाची नाराजी मला पटते. त्याच्या उलट सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त अपूच्या कुटुंबाने गाव सोडलं तिथेच चित्रपट थांबवला आणि काशीचा भाग गाळला. गाळणं दोघांनीही केलं. रायनी विभूतिभूषणांची नजर राखून गाळलं, म्हणून ते खटकत नाही.

यादीत कोण नाही?

आढावा घेताना जे झालं त्यापेक्षा जे झालं नाही ते अधिक बोचतं. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर साठ-सत्तरच्या सुमारास चित्रपट आले. पुढे दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला, पण मराठी पडद्याने त्यांना फारसं जवळ केलं नाही. कोकणच्याच उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ रंगभूमीवर आलं. बांबूची आयदानं विणणाऱ्या आईच्या हातांसारखी विणलेली ती गोष्ट पडद्यावरही यायला हवी.

आणि कशेडीहून परत निघालं की महाडच्या पुढे सावित्रीकाठी दासगाव लागतं. तिथे वाढलेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी राबून पाया घातला. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यामागे मोऱ्यांसारख्या माणसांची कित्येक वर्षांची मेहनत होती. मोरे यांनी आपली कहाणी लिहायला घेतली, ती पुरी होण्याआधी १९७२ मध्ये ते गेले, आणि पुढचा भाग त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिला. शाळेत शिरण्यासाठी झगडणारा महाडचा मुलगा, बंदर आणि बाजार, मुंबईच्या गिरण्या, परिषदेची तयारी आणि तळ्याकडे निघालेली माणसांची रांग, हे सगळं त्यात आहे. अर्धी गोष्ट बापाने सांगितली आहे, अर्धी मुलाने. सांगणाऱ्याच्या शोधात असलेल्या दिग्दर्शकाला याहून मोठी देणगी कोणती हवी?

तळ्याची ती घटना बाबासाहेबांवरच्या चित्रपटात आली आहे. पण या मातीतल्या मुलाच्या नजरेतून, महाडच्या बोलीत, ती मोठ्या पडद्यावर मी अजून पाहिलेली नाही. तानाजी आणि संभाजी महाराजांसाठी आपण या टापूत पुन्हा पुन्हा येतो, आलंच पाहिजे. पुढच्या वेळी एखाद्या दिग्दर्शकाने गाडी बोगद्याकडे पळवण्याआधी दासगावला थांबावं आणि हे पुस्तक उघडावं. २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात.